प्रकाशाचे प्रश्न: पडदा आणि फ्लॅशची चुकामूक

नव्या कॅमेऱ्यांच्या घोषणा झाल्या की पाठोपाठ आमच्या टपालात फ्लॅशच्या तक्रारी वाढतात. कॅमेरा नवा, फ्लॅश जुना आणि दोघांची वेळ जुळत नाही, असा बहुतेक पत्रांचा सूर असतो. या वेळचे प्रश्न त्यातलेच आहेत.

प्रश्न: आरशाचा डीएसएलआर विकून बिनआरशाचा मिररलेस घेतला. जुन्या कॅमेऱ्यावर १/२५० ला फ्लॅशचे फोटो स्वच्छ यायचे. आता फ्लॅश तोच, त्याला उडवणारा ट्रिगर तोच, पण १/२५० ला फोटोच्या खालच्या कडेला काळसर पट्टी येते. कॅमेरा सदोष निघाला का?

उत्तर: कॅमेरा बहुधा ठीक आहे. त्याचा सिंक स्पीड, म्हणजे फ्लॅशसोबत नीट चालणारा सर्वांत जलद शटर स्पीड, तुमच्या जुन्या कॅमेऱ्यापेक्षा कमी असणार. शटरचे दोन पडदे असतात. पहिला सेन्सर उघडतो, दुसरा झाकतो. दोन्ही सेन्सरवरून पूर्ण बाजूला असतात तो क्षण म्हणजे फ्लॅशची वेळ. शटर स्पीड वाढवला की पहिला पडदा पूर्ण खाली जायच्या आतच दुसरा निघतो आणि फ्लॅशला एक फट तेवढी सापडते. पडदा वरून खाली जातो, पण सेन्सरवर चित्र उलटे पडते. म्हणून दुसऱ्या पडद्याने आधी झाकलेला वरचा भाग फोटोत खाली दिसतो.

यावरून निदानही करता येते. पट्टी खाली असेल तर फ्लॅश उशिरा पडतोय किंवा शटर फार जलद आहे. पट्टी वर असेल तर फ्लॅश फार लवकर, पहिला पडदा पूर्ण उघडायच्या आत पडतोय. स्वस्त रेडिओ ट्रिगर स्वतःचा थोडा उशीर लावतात, त्यामुळे कागदावर १/२५० असलेला कॅमेरा प्रत्यक्षात १/२०० लाच स्वच्छ फोटो देतो.

आणखी एक गफलत होते. एकाच कॅमेऱ्याला शटरच्या प्रकारानुसार वेगवेगळे सिंक स्पीड असतात. कॅननच्या ईओएस आर६ मार्क २ ला पूर्ण यांत्रिक शटरवर १/२०० मिळतो, पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक ठेवला तर १/२५०. सोनीचा ए१ यांत्रिक शटरवर १/४०० पर्यंत जातो. कंपनीचा किंवा टीटीएल (लेन्समधून आलेला उजेड मोजून फ्लॅशची पॉवर ठरवणारी पद्धत) जाणणारा फ्लॅश हॉट शूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत, असेल, तर कॅमेरा स्वतःच या मर्यादेपुढे जाऊ देत नाही. एका पिनचा साधा ट्रिगर लावलात तर कॅमेऱ्याला फ्लॅशचा पत्ताच नसतो, तो खुशाल १/१००० लावू देतो.

तपासणी पाच मिनिटांची आहे. खोलीतला उजेड कमी करा. आयएसओ १००, एफ/८, फ्लॅश मॅन्युअलवर १/८ पॉवरला. कोऱ्या भिंतीचे १/१२५, १/१६०, १/२००, १/२५० आणि १/३२० असे पाच फोटो काढा. ज्या स्पीडला कड काळवंडायला लागते त्याच्या एक पायरी अलीकडचा स्पीड हा तुमच्या कॅमेरा-ट्रिगर जोडीचा खरा सिंक स्पीड. तो चिकटपट्टीवर लिहून ट्रिगरच्या पाठीला लावून ठेवा. फ्लॅश फुल पॉवरला ठेवून ही तपासणी करू नका. तेव्हा झोतच लांबतो आणि कड हळूहळू फिकी होत जाते, नक्की कुठे बिनसले ते कळत नाही.

प्रश्न: आता बिनपडद्याचे कॅमेरे आले आहेत. ग्लोबल शटर (पूर्ण सेन्सर एकाच वेळी टिपणारे) आल्यावर हाय स्पीड सिंकची (सिंक स्पीडपेक्षा जलद शटरवर फ्लॅश चालवायच्या सोयीची) गरजच संपली, असे म्हणतात. खरे का?

उत्तर: अर्धे खरे. बिनपडद्याचे सगळे कॅमेरे सारखे नसतात. साध्या सेन्सरचे इलेक्ट्रॉनिक शटर ओळीमागून ओळ वाचते आणि पूर्ण चौकट वाचायला पडद्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ घेते. म्हणून सायलेंट शटर लावले की बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅश बंदच होतो. स्टॅक्ड सेन्सर, म्हणजे थरांवर थर रचून वेगवान केलेले, ओळीनेच वाचतात, पण झपाट्याने. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या निकॉन झेड ९ ला यांत्रिक शटरच नाही, तरी तो १/२०० ला फ्लॅश व्यवस्थित सांभाळतो. जुलै २०२४ मध्ये जाहीर झालेला कॅननचा आर५ मार्क २ इलेक्ट्रॉनिक शटरवर १/१६० पर्यंत फ्लॅश देतो. म्हणजे हे कॅमेरे पडद्याच्या कॅमेऱ्यांच्या बरोबरीला आले, पुढे गेले नाहीत.

नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेला सोनीचा ए९ ३ वेगळा आहे. पूर्ण सेन्सर एकाच क्षणी उघडणारा आणि एकाच क्षणी मिटणारा हा पहिला फुल-फ्रेम मिररलेस. फट नाही, त्यामुळे पट्टी नाही. फ्लॅश १/८०००० पर्यंत कोणत्याही स्पीडला चालतो.

ग्यानबाची मेख पुढे आहे. फ्लॅश म्हणजे क्षणभराची वीज वाटते, पण फुल पॉवरला तो चांगला लांबतो. गोडॉक्स एडी२०० प्रो घ्या: फुल पॉवरला झोत सुमारे १/२२० सेकंद टिकतो, सर्वांत कमी पॉवरला १/१३०००. आता शटर १/२००० ला लावले आणि फ्लॅश फुल पॉवरला, तर लांब झोतातला एक काप तेवढा सेन्सरला मिळतो, बाकीचा उजेड वाया. शिवाय तो काप झोताच्या शिखरावर पडायला हवा. नाहीतर उजेड फोटोगणिक बदलतो. म्हणूनच ए९ ३ मध्ये फ्लॅशची वेळ मागेपुढे सरकवायची सोय दिली आहे.

तेव्हा असा कॅमेरा हाती असेल तर एक फ्लॅश फुल पॉवरला मारण्यापेक्षा दोन-तीन फ्लॅश १/८ किंवा १/१६ पॉवरला लावा. आयजीबीटीवर (झोत मध्येच तोडणाऱ्या स्विचवर) चालणाऱ्या फ्लॅशमध्ये पॉवर कमी केली की झोत आखूड होतो आणि सगळाच्या सगळा शटरमध्ये मावतो. रंग मात्र किंचित निळसर होतो, तो व्हाइट बॅलन्सने सुधारा. आणि एक हिशेब डोक्यात ठेवा: या सेन्सरचा मूळ आयएसओ २५० आहे, १०० नाही. भर उन्हात तुम्ही सव्वा-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) मागून सुरुवात करता.

फ्लॅशच्या झोताचा आकडा दोन पद्धतींनी छापतात. टी ०.५ म्हणजे झोत अर्ध्या तेजाच्या वर असेपर्यंतचा वेळ. टी ०.१ म्हणजे दहाव्या भागापर्यंत ओसरेपर्यंतचा. जुन्या धाटणीच्या स्टुडिओ फ्लॅशमध्ये पहिला आकडा दुसऱ्याच्या जवळपास तिप्पट जलद दिसतो, म्हणून जाहिरातीत तो झळकतो. उडणारे पाणी गोठवायचे असेल तर टी ०.१ चाच आकडा विचारा.

स्टुडिओत अंधार करून काम करणाऱ्याने मात्र फक्त फ्लॅशसाठी ग्लोबल शटर घेऊ नये. तिथे १/१६० पुरतो.

प्रश्न: फ्लॅश लावून मॅन्युअल मोडला एफ/८, १/१६० ठेवले की व्ह्यूफाइंडर काळाठिक्कर. फोटो मात्र नीट येतो.

उत्तर: कॅमेरा तुम्हाला फ्लॅशशिवाय फोटो कसा येईल ते दाखवतोय. हे दाखवणे बंद करा. सोनीत 'सेटिंग इफेक्ट' ऑफ, कॅननमध्ये 'एक्स्पोजर सिम्युलेशन' डिसेबल, फुजीफिल्ममध्ये मॅन्युअलमधला 'प्रीव्ह्यू एक्स्पोजर' ऑफ. ही सोय एखाद्या बटणावर बसवून ठेवा, कारण फ्लॅश काढल्यावर ती परत लागते आणि नेमकी तेव्हाच विसरते.

प्रश्न: भर दुपारी एफ/२.८ वर पोर्ट्रेट काढायचे आहे. हाय स्पीड सिंक वापरू की एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच)? माझ्याकडे एकच स्पीडलाइट (हॉट शूवर बसणारा छोटा फ्लॅश) आणि पांढरी आरपार छत्री आहे.

उत्तर: हिशेब मांडूनच बघू. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० ला १/२०० आणि एफ/११ हे साधारण योग्य एक्स्पोजर. एफ/११ वरून एफ/२.८ वर यायचे म्हणजे चार स्टॉप जास्त उजेड आत येणार. तो कापायचे दोन रस्ते: शटर १/३२०० ला नेणे, म्हणजे हाय स्पीड सिंक, किंवा शटर १/२०० लाच ठेवून चार स्टॉपचा एनडी लावणे.

फ्लॅशच्या बाजूने पाहा. सर्वसाधारण मोठ्या स्पीडलाइटचा गाइड नंबर (मीटरमधले अंतर गुणिले एफचा आकडा) खोक्यावर ६० छापलेला असतो, पण तो २०० मिमी झूमचा. छत्रीसाठी झोत पसरवून ३५ मिमीला आणला की तो ३६ च्या आसपास उरतो. ३६ भागिले ११ म्हणजे उघड्या फ्लॅशने सव्वातीन मीटर. छत्री दोनेक स्टॉप खाते आणि दोन स्टॉप गेले की अंतर निम्मे होते: सुमारे १.६ मीटर. एनडी लावल्यावरही हा आकडा तोच राहतो. एनडीने फ्लॅशचा उजेड चार स्टॉप कापला, अ‍ॅपर्चरने चार स्टॉप परत दिला.

हाय स्पीड सिंकमध्ये फ्लॅश एकदाच पडत नाही. पडद्याची फट सेन्सरवरून सरकत असताना तो लागोपाठ बारीक झोत सोडत राहतो, आणि त्यातले बरेचसे झाकलेल्या पडद्यावर आदळतात. सिंक स्पीड ओलांडताच दोनेक स्टॉप गेले. पुढे शटर जितके जलद, तितका फ्लॅशही कमी होतो, पण अ‍ॅपर्चर तेवढेच उघडत असल्याने तो तोटा फिटतो. सुरुवातीचे दोन स्टॉप मात्र गेले ते गेलेच. अंतर पुन्हा निम्मे, ८० सेंटिमीटर. म्हणजे छत्री माणसाच्या नाकाला टेकली.

तुमच्या सामानात त्यामुळे एनडीच बरा. अट एवढीच की तो ठराविक ताकदीचा असावा. फिरवून गडद करायचा व्हेरिएबल एनडी वाइड लेन्सवर पूर्ण गडद केला की चौकटीत फुलीसारखी काळी छटा उमटते. स्वस्त फिल्टरने त्वचा हिरवट किंवा जांभळट होते. फिल्टर लावून राखाडी कार्डाचा एक फोटो घ्या आणि त्यावरून व्हाइट बॅलन्स बसवा.

हाय स्पीड सिंकची खरी जागा दुसरी आहे. माणूस ढगाखालून उन्हात, उन्हातून सावलीत फिरतोय आणि फिल्टर काढत-घालत बसायला वेळ नाही, तिथे तो कामाचा. मात्र तिथे गती गोठवतो तो शटर, फ्लॅश नव्हे. आणि या पद्धतीत फ्लॅश भराभर तापतो, मग संरक्षक यंत्रणा रिसायकल (फ्लॅश पुन्हा भरायचा वेळ) मुद्दाम लांबवते. छत्री काढून उघडा फ्लॅशच झूम करून वापरा, तेवढाच उजेड वाचतो.

दुसरा स्पीडलाइट घेऊ का, असेही तुम्ही विचारले आहे. दुप्पट पॉवर म्हणजे फक्त एक स्टॉप. दोन मीटरवरची छत्री १.४ मीटरवर आणली तरी तोच एक स्टॉप फुकट मिळतो. आधी स्टँड पुढे सरकवा.

प्रश्न: ट्रिगर मधूनच दगा देतो. दहा फोटोंत दोन काळे. दुसरा घेऊ?

उत्तर: घ्यायच्या आधी दोष कुठल्या टप्प्यावर आहे ते शोधा. ट्रिगरवरचे टेस्ट बटण वीस वेळा दाबा. वीसही वेळा फ्लॅश उडाला तर रेडिओ ठीक आहे, दोष हॉट शूवर आहे. ट्रिगर काढा, त्याच्या पिना आणि कॅमेऱ्याच्या हॉट शूचे संपर्क कोरड्या सुती कापडाने पुसा. कळकट असतील तर पेन्सिलच्या मऊ खोडरबराने हलकेच घासा आणि कचरा झटका. मग ट्रिगर अगदी शेवटपर्यंत पुढे सरकवून लॉक करा. अर्धा मिलिमीटर मागे राहिला तरी मधली पिन सरकते आणि 'कधी उडतो, कधी नाही' हाच आजार होतो.

टेस्ट बटणालाही चुकत असेल तर रेडिओकडे वळा. चॅनल आणि आयडी दोन्हीकडे एकच आहेत ना? बहुतेक ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि वाय-फायचीही तीच वाट आहे. चॅनल चार-पाच घरे पुढे सरकवा. गोडॉक्ससारख्या ट्रिगरमध्ये मोकळा चॅनल शोधायची 'स्कॅन' सोय असते, तीच वापरा. गंमत म्हणजे फ्लॅश अगदी जवळ, हातभर अंतरावर असला तरी सिग्नलच्या अतिरेकाने तो चुकतो. त्यासाठी सेटिंगमध्ये अंतराचा पर्याय असतो. तो ०-३० मीटरवर ठेवा. माणसाचे शरीर या लहरी शोषते, तेव्हा गर्दीमागचा फ्लॅश डोक्यांच्या वर उंच न्या.

आणि लागोपाठ काढलेल्या फोटोंत नेमका दुसरा किंवा तिसरा काळा येत असेल, तर ट्रिगरला बोल लावू नका. फ्लॅश भरायच्या आत तुम्ही बटण दाबताय.

प्रश्न: पेन्सिल सेलचा फ्लॅश चांगला की लिथियम बॅटरीचा? विमानात बॅटऱ्या चालतात का?

उत्तर: दिवसाला शंभरेक फोटो असतील तर पेन्सिल सेल पुरतात, पण निकेल मेटल हायड्राइडचे, चार्ज होणारे. साध्या अल्कलाइन सेलवर १.५ व्होल्ट लिहिलेले असते आणि चार्जवाल्यावर १.२, म्हणून अल्कलाइन जोरकस वाटतात. प्रत्यक्षात फ्लॅश भरताना काही अँपियर प्रवाह एकदम ओढला जातो. अल्कलाइनचा अंतर्गत विरोध जास्त, त्यामुळे त्यांचे व्होल्टेज कोसळते आणि थोड्याच फोटोंत रिसायकल दहा सेकंदांवर जाते. कमी गळतीचे, २००० एमएएचच्या आसपासचे सेल घ्या. २५०० चे सेल एका चार्जवर जास्त टिकतात, पण त्यांचे आयुष्य सहसा कमी आवर्तनांचे असते.

चार-चारचे संच करून मार्करने अ, ब, क लिहा. संच फोडू नका. एक सेल आधी रिकामा झाला की बाकीचे तीन त्याची ध्रुवता उलटवून त्याला मारतात. यूएसबीने चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम पेन्सिल सेल फ्लॅशमध्ये घालू नका. आतले नियंत्रक सर्किट एवढा प्रवाह देत नाही आणि मध्येच बंद पडते. पेन्सिल सेलच्याच आकाराचे ३.७ व्होल्टचे सेलही मिळतात. चार घातले की फ्लॅशला सहाऐवजी जवळपास पंधरा व्होल्ट मिळतात आणि फ्लॅश जळतो.

काम जास्त असेल तर लिथियम पॅकला पर्याय नाही. गोडॉक्स व्ही१ चा पॅक ७.२ व्होल्ट, २६०० एमएएचचा. कंपनीच्या आकड्यांनुसार फुल पॉवरचे ४८० झोत आणि रिसायकल सुमारे दीड सेकंद.

विमानासाठी व्होल्टला अँपियर-अवरने गुणा. व्ही१ चा पॅक १८.७ वॉट-अवर, एडी२०० चा १४.४ गुणिले २.९ म्हणजे सुमारे ४१.८, एडी६०० प्रो चा २८.८ गुणिले २.६ म्हणजे ७४.९. शंभरच्या आतल्या बॅटऱ्या सर्वसाधारणपणे केबिनमध्ये नेता येतात. १०० ते १६० मधल्यांना विमान कंपनीची परवानगी लागते, सुट्या असतील तर दोनच. सुटी लिथियम बॅटरी चेक-इन बॅगेत टाकू नका, ते नियमात बसत नाही. टोकांवर चिकटपट्टी लावा. पॅकवरचा वॉट-अवरचा आकडा घासून गेला असेल तर सुरक्षा तपासणीत वाद होतो, म्हणून शाबूत पॅकच न्या.

प्रश्न: कॅनन २०० डी मार्क २ वर स्टुडिओचा साधा ट्रिगर चालत नाही.

उत्तर: चालणार नाही. या कॅमेऱ्याच्या हॉट शूवर मधला गोल संपर्कच नाही, आणि एका पिनचे सगळे ट्रिगर त्यावरच जगतात. कॅननच्या डिजिटल संपर्कांवरून संदेश घेणारा ट्रिगर लागेल. घेताना 'मधल्या पिनशिवाय चालतो' असे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले बघा आणि त्याचे फर्मवेअर अद्ययावत करा.

प्रश्न: फिल्मच्या काळातला एक दणकट फ्लॅश घरात आहे. नव्या कॅमेऱ्यावर लावू का?

उत्तर: मोजल्याशिवाय नको. जुन्या फ्लॅशच्या मधल्या पिनवर शेकडो व्होल्ट असू शकतात. फिल्म कॅमेऱ्यातला धातूचा संपर्क ते सोसायचा, डिजिटल कॅमेऱ्यातले सर्किट जळते. फ्लॅशमध्ये ताजे सेल घाला, चालू करा, तयार असल्याचा दिवा लागू द्या. मल्टिमीटर डीसी ६०० किंवा १००० व्होल्टच्या पट्ट्यावर. एक टोक फ्लॅशच्या पायाखालच्या मधल्या संपर्काला, दुसरे पायाच्या कडेच्या धातूच्या पट्टीला. दोन्ही संपर्कांना बोटे लागू देऊ नका. आकडा स्थिरावला की वाचा. सहा व्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त. वर असेल तर कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेतली मर्यादा बघा. निकॉन २५० व्होल्टपर्यंत चालवून घेते, काही जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांना सहाच्या वर चालत नाही.

आकडा जास्त निघाला तर फ्लॅश कॅमेऱ्यावर न लावता त्याला प्रकाशाने उडणारा ऑप्टिकल स्लेव्ह जोडा, तेवढे व्होल्टेज सोसणारा. फ्लॅश उघडून बघण्याचा मोह टाळा. बंद करून सेल काढले तरी आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास विद्युतभार दडून राहतो.

प्रश्न: ऑप्टिकल स्लेव्ह उडतो, डोळ्यांना दिसतो, पण फोटोत त्याचा उजेड नसतो.

उत्तर: कॅमेऱ्यावरचा फ्लॅश टीटीएलवर आहे. तो खऱ्या झोताआधी मापासाठी एक बारीक झोत सोडतो आणि स्लेव्ह त्यालाच भुलून आधीच उडतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मॅन्युअलला न्या, किंवा स्लेव्ह एस१ वरून एस२ वर, म्हणजे पहिला झोत सोडून देणाऱ्या पर्यायावर ठेवा. रेड-आय रिडक्शन चालू असेल तर झोत आणखी वाढतात आणि एस२ चीही मोजणी चुकते. तेही बंद करा.

प्रश्न: डीएसएलआरचा फ्लॅश अंधारात लाल जाळी टाकायचा आणि फोकस लगेच मिळायचा. मिररलेसवर जाळी पडतच नाही.

उत्तर: ती लाल जाळी डीएसएलआरच्या वेगळ्या फोकस सेन्सरसाठी होती. मिररलेस मुख्य सेन्सरवरच फोकस करतो आणि बहुतेक कॅमेरे त्या जाळीला बोलावतच नाहीत. कॅमेऱ्याचा स्वतःचा फोकस दिवा चालू ठेवा. बऱ्याच कॅमेऱ्यांत तो सलग फोकस मोडमध्ये पेटत नाही, एकेरी फोकसवर या. तेही जमेना तर फ्लॅशचा किंवा ट्रिगरचा एलईडी मॉडेलिंग दिवा मंद लावा. १/१६०, एफ/५.६, आयएसओ १०० ला त्याचा उजेड फोटोत उतरत नाही.